अ‍ॅम्प्लिफायरची पाठ

घरात नवा अ‍ॅम्प्लिफायर आला, की सारी मंडळी त्याच्या दर्शनी भागाभोवती जमतात. मधला मोठा नॉब कोणी अदबीने फिरवून पाहतो, कोणी कळांवरची बारीक अक्षरे वाचू लागतो, आणि त्या चंदेरी किंवा काळ्या पत्र्याचे कौतुक पुरेसे झाले म्हणजे यंत्र उचलून कपाटाच्या खणात भिंतीला टेकवून ठेवले जाते. ज्या बाजूवर त्या यंत्राचे पुढचे सारे चरित्र अवलंबून असते ती त्याची पाठ मात्र खोक्यातून काढताना जेवढी दृष्टीस पडली असेल तेवढीच. नंतर तिचा आणि मालकाचा संबंध येतो तो आवाज बंद पडल्यावर. 'यंत्र बिघडले' अशी तक्रार घेऊन जे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीच्या दुकानात दाखल होतात त्यांतल्या कितीतरी यंत्रांच्या पोटात काहीही झालेले नसते, कसूर असते ती पाठीवरच्या जोडणीत, ही गोष्ट त्या धंद्यातला कोणीही मोकळ्या मनाचा कारागीर कबूल करील. आणि म्हणूनच अधिक वॅटच्या यंत्रासाठी अधिक पैसे मोजण्यापूर्वी वाचकाने एक पूर्ण संध्याकाळ, एक टॉर्च, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि वायर सोलायची एक पकड एवढे भांडवल या पाठीसाठी बाजूला काढावे, अशी माझी विनंती आहे.

या कामात क्रमाला मोठे महत्त्व आहे, आणि तो क्रम आपल्या स्वाभाविक उतावीळपणाच्या नेमका उलट आहे. आपला हात पहिल्याने जातो तो विजेच्या प्लगकडे; वस्तुतः आधी स्पीकर, मग टर्नटेबल, सीडी प्लेअर, दूरदर्शन संच इत्यादी ध्वनीची उगमस्थाने, आणि ही सर्व जोडणी दोनदा तपासून झाल्यावर अगदी शेवटी वीज, असा तो क्रम आहे. चालू यंत्राच्या स्पीकर-जोडणीत हात घालताना दोन उघडे तंतू निमिषमात्र एकमेकांस चिकटले तरी आतले आउटपुट ट्रान्झिस्टर जळून जाऊ शकतात; आणि चालू यंत्रात ज्यास आपण आरसीए पिन म्हणतो ती खुपसताना तिचे मधले टोक बाहेरच्या कड्याच्या आधी टेकत असल्यामुळे स्पीकरमधून असा भयंकर गुरगुराट निघतो, की शेजारची माणसे चौकशीस यावीत. जुन्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरची प्रकृती याहून वेगळी. ट्रान्झिस्टरचे यंत्र स्पीकर नसताना चालू राहिले तर सहसा बिघडत नाही, परंतु व्हॉल्व्हच्या यंत्राला स्पीकरचा भार न जोडता आवाज सोडला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर निकामी होण्याची भीती असते. तेव्हा आजोबांच्या काळातले असे एखादे यंत्र माळ्यावरून खाली उतरले असेल, तर स्पीकर जोडल्याखेरीज त्याची परीक्षा पाहण्याच्या भरीस पडू नये.

जागेविषयी थोडक्यात सांगतो. अ‍ॅम्प्लिफायर हे उष्णता टाकणारे यंत्र आहे. त्याच्या झाकणावरील जाळी ही शोभेची वस्तू नसून त्याचे नाक आहे. वर निदान चार बोटे नव्हे, तर वीतभर मोकळी जागा असावी, त्यावर क्रोशाचा रुमाल घालू नये, त्या रुमालावर फुलदाणी तर नाहीच नाही, आणि टर्नटेबल त्याच्या डोक्यावर ठेवू नये, कारण आतल्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र सुई धरणाऱ्या कार्ट्रिजच्या नाजूक वेटोळ्यांपर्यंत पोहोचून एक अखंड घुंईकार सुरू होतो.

आता स्पीकर. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर प्रत्येक स्पीकरसाठी एक तांबडे व एक काळे अशी दोन टोके असतात आणि स्पीकरच्या पाठीवरही तशीच दोन असतात. तांबडे तांबड्यास आणि काळे काळ्यास, उजवे उजव्या स्पीकरला आणि डावे डाव्याला, एवढाच या कलमाचा सारांश. वायर दोन पदरी तांब्याची घ्यावी. बाजारात तिच्या जाडीची भाषा २३/७६, ४०/७६ अशी चालते, आणि ४०/७६ याचा अर्थ इंचाच्या ०.००७६ इतक्या जाडीचे चाळीस तंतू असा होतो, म्हणजे सुमारे सव्वा चौरस मिलिमीटर तांबे. पाच मीटर अंतरावरच्या स्पीकरपर्यंत अशी वायर नेली, तर जाण्यायेण्याचे दहा मीटर धरून तिचा रोध अवघा ०.१५ ओहमच्या आसपास भरतो, आणि ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य होय. अंतर याहून बरेच जास्त असेल, किंवा स्पीकर ४ ओहमचे असतील, तर अडीच चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत अशी वायर मीटरवर मोजून मिळते. त्याच बाजारात सोनेरी वेष्टनातली, अजगरासारखी जाड आणि सोन्याच्याच भावाची वायरही कोणी पुढे करील. तिच्यावर ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्याशी वाद घालण्याची माझी इच्छा नाही, परंतु तो पैसा स्पीकरच्या स्टँडवर किंवा चार चांगल्या ध्वनिमुद्रिकांवर खर्च झाला तर कानांना त्याचा लाभ अधिक होईल, हे माझे मत मी कोठेही सांगण्यास तयार आहे.

वायरीची टोके सोलताना सेंटिमीटरभरच तांबे उघडे करावे, तंतूंना घट्ट पीळ द्यावा, आणि ते टोक स्क्रूखाली किंवा स्प्रिंगच्या चापात पूर्ण आत गेले आहे व एकही केसासारखा तंतू बाहेर डोकावून शेजारच्या टोकास स्पर्श करत नाही, याची टॉर्चच्या प्रकाशात खातरजमा करावी. हा एक चुकार तंतू काय अनर्थ करू शकतो हे वर आलेच आहे. त्यातही तो नेहमी पहिल्याच दिवशी दगा देतो असे नाही. कधी सहा महिन्यांनी, झाडलोट करताना वायरीला हिसका बसला म्हणजे, तो शेजाऱ्याला जाऊन भेटतो.

तांबड्याकाळ्याचा हा नियम इतका बाळबोध वाटतो, की त्याचे उल्लंघन आपल्या हातून होणारच नाही अशी प्रत्येकाची समजूत असते, माझीही होती. पारदर्शक वेष्टनाच्या वायरीत एक पदर तांबूस आणि एक रुपेरी असतो, किंवा एका कडेला एक बारीक रेघ असते, आणि संध्याकाळच्या अपुऱ्या उजेडात कपाटामागे वाकून ती रेघ ओळखण्याचे काम चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना झेपत नाही. एका पावसाळ्यात सुमारे दोन महिने मी डाव्या स्पीकरची वायर उलटी जोडून बसलो होतो. आवाज दोन्हीकडून येत होता, मोठाही होता. परंतु गायकाचा आवाज खोलीत कोठे एका जागी उभा राहतच नव्हता, आणि डग्ग्याचा घुमारा, जो एरवी छातीला जाणवतो, तो जणू कोणी उशीखाली दाबून धरला होता. मी दमट हवेस दोष दिला, खोलीस दिला, ध्वनिमुद्रण करणाऱ्यास दिला, आणि शेवटी, सांगायला लाज वाटते, पण त्या तबलजींच्या डाव्या हातासही दिला. कारण अगदी साधे होते: एका स्पीकरचा पडदा पुढे येत असे तेव्हा दुसऱ्याचा मागे जात असे, एकाने हवेवर टाकलेला दाब दुसरा काढून घेत असे, आणि खर्जाच्या लांब लहरींच्या बाबतीत ही परस्परविरोधी कारवाई जवळजवळ संपूर्ण यशस्वी होते.

याची परीक्षा सोपी आहे. स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्प्लिफायरकडून आधी सोडवाव्यात, हे विसरता कामा नये. मग टॉर्चमधला साधा दीड व्होल्टचा सेल घेऊन ज्या पदरास आपण तांबडा म्हणतो तो त्याच्या धन टोकास आणि दुसरा ऋण टोकास क्षणभर टेकवावा. कट् असा आवाज होऊन स्पीकरचा मोठा पडदा बाहेर आला तर जोडणी बरोबर, आत गेला तर उलटी. जाळी निघत नसेल आणि पडदा दिसत नसेल, तर सेलची तसदीही घेऊ नये; एखादी एकध्वनी ध्वनिमुद्रिका लावावी, आणि आपल्याकडे त्यासाठी बालगंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांसारखे साधन दुसरे नाही, कारण ती सारी एकाच ध्वनिमार्गाची असून जोडणी नीट असल्यास तो स्वर दोन्ही स्पीकरांच्या नेमका मधोमध, जेथे कोणताही स्पीकर नाही अशा रिकाम्या जागी, येऊन उभा राहतो. तसे न होता तो दोन्ही बाजूंना पसरून डोक्याभोवती घोटाळू लागला, तर एका स्पीकरची दोन टोके आपसांत बदलून पुन्हा ऐकावे. ज्या जोडणीत खर्ज भरीव लागेल आणि स्वर मध्यावर येईल ती खरी. एकाच गोष्टीची काळजी घ्यावी, की बदल एकाच स्पीकरचा करायचा. उत्साहाच्या भरात दोन्हीकडची टोके बदलली तर आपण पुन्हा जेथे होतो तेथेच.

पुष्कळ यंत्रांवर 'ए' आणि 'बी' अशा स्पीकरांच्या दोन जोड्यांची सोय असते, आणि दिवाणखान्यात एक व माजघरात एक जोडी लावण्याचा मोह होतो. मोह रास्त आहे, पण गणित पाहावे: ८ ओहमच्या दोन जोड्या एकदम चालवल्या म्हणजे यंत्राला बहुधा त्या ४ ओहमच्या एकाच भारासारख्या दिसतात, आणि ४ ओहमच्या दोन जोड्या २ ओहमसारख्या, रोध जितका कमी तितका प्रवाह अधिक आणि प्रवाह अधिक तितकी उष्णता अधिक. टोकांशेजारी किमान किती ओहमची मुभा आहे हे छापलेले असते, ते या यंत्राचा हुकूमनामा समजून पाळावे.

उगमस्थानांकडे वळण्यापूर्वी एक आकडा मनाशी धरावा, कारण पुढचा सारा घोटाळा त्याच्या अज्ञानातून होतो. सीडी प्लेअरमधून पूर्ण जोरावर येणारा विद्युत्संकेत सुमारे २ व्होल्टचा असतो. टर्नटेबलवरील सर्वसाधारण, म्हणजे चलचुंबक पद्धतीच्या कार्ट्रिजमधून येणारा संकेत ५ मिलिव्होल्टच्या आसपासचा, म्हणजे त्याच्या सुमारे चारशेव्या हिश्शाइतका क्षीण. कचेरीत ज्याप्रमाणे निरनिराळ्या मामल्यांचे अर्ज निरनिराळ्या मेजांवर स्वीकारले जातात, तशी अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवरही व्यवस्था आहे: 'फोनो' नावाचे मेज फक्त टर्नटेबलचे, आणि 'सीडी', 'ट्यूनर', 'ऑक्स' ही मेजे बाकी सर्वांची असून ती आपसांत एकसारखीच आहेत. दूरदर्शन संच 'ट्यूनर'मध्ये जोडला म्हणून काही बिघडत नाही. परंतु टर्नटेबल 'ऑक्स'मध्ये गेले तर विहिरीच्या तळातून यावा तसा क्षीण, खर्जहीन आवाज येतो, आणि सीडी प्लेअर 'फोनो'मध्ये गेला तर जो कर्कश विकृत कल्लोळ उठतो त्याचे वर्णन न केलेले बरे.

क्षीणपणा हा फरकाचा एक भाग झाला. तबकडी कोरताना खर्जाच्या रुंद आंदोलनांनी शेजारच्या खाचा मोडू नयेत म्हणून खर्ज मुद्दाम दाबलेला असतो आणि सुईच्या खरखरीवर मात व्हावी म्हणून तार स्वर मुद्दाम चढवलेले असतात. १९५४ साली अमेरिकेतील ध्वनिमुद्रिका-उत्पादकांच्या संघटनेने त्याचे जे प्रमाण ठरवले ते आरआयएए या आद्याक्षरांनी ओळखले जाते, आणि 'फोनो' मेजाचे दुसरे काम म्हणजे या दाबलेल्यास उचलून आणि चढवलेल्यास उतरवून मूळ समतोल परत आणणे. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या या प्रमाणाच्या आधीच्या असल्यामुळे त्यांचा समतोल तंतोतंत जुळत नाही, तेथे खर्ज-तारेचे नॉब कानाच्या साक्षीने थोडे फिरवावेत. मात्र त्यांच्या रुंद खाचांसाठी सुई वेगळी, अधिक जाड लागते, आणि एलपीची बारीक सुई त्यांवर चालवणे हे सुई आणि तबकडी या दोघींच्याही हिताचे नाही. अलीकडच्या कित्येक टर्नटेबलांत हे फोनोचे मंडल आतच बसवलेले असते आणि मागे 'फोनो' व 'लाइन' अशी एक छोटी कळ असते. कळ 'लाइन'वर असेल तर पिना 'ऑक्स'मध्ये, 'फोनो'वर असेल तर 'फोनो'मध्ये. अ‍ॅम्प्लिफायरला 'फोनो' मेजच नसेल, तर त्याची स्वतंत्र डबी विकत मिळते.

टर्नटेबलमधून तांबड्या-पांढऱ्या पिनांच्या बरोबरीने एक बारीक, बहुधा हिरवी किंवा काळी वायर बाहेर आलेली असते आणि तिच्या टोकाला काटा असतो. ही कशाची हे न कळल्यामुळे ती गुंडाळून रबर लावून ठेवलेली मी अनेक घरांत पाहिली आहे. ती अ‍ॅम्प्लिफायरच्या 'ग्राउंड' असे लिहिलेल्या स्क्रूखाली घट्ट आवळायची असते. ती न जोडल्यास ५० हर्ट्झच्या विजेचा गुणगुणाट तानपुऱ्याच्या चौथ्या तारेसारखा अखंड मागे चालू राहतो, फक्त तो कोणत्याही गायकाच्या षड्जाशी जुळत नाही.

या ५० वरून आठवले. परदेशी स्थायिक झालेले आप्त परतताना जुने, उत्तम प्रतीचे टर्नटेबल भेट म्हणून आणतात, त्यावेळी ते १२० व्होल्टचे आहे हे सर्वांच्या ध्यानात येते आणि व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आणला जातो. ध्यानात येत नाही ते हे, की अमेरिकेतील वीज ६० हर्ट्झची असते आणि जुन्या पद्धतीची समकालिक मोटर विजेच्या आंदोलनांशी पावले जुळवून चालते. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. परिणामी मिनिटास ३३⅓ फेऱ्या घेणारी तबकडी आपल्याकडे २८ पेक्षाही किंचित कमी फेरे घेते आणि सारे गाणे सुमारे तीन अर्धस्वरांनी खाली उतरते. काळी चारमध्ये गाणारी गायिका पांढरी चारमध्ये, तीही झोपेतून उठल्यासारखी, गाऊ लागते. उपाय पट्ट्याची कप्पी बदलण्याचा. काही टर्नटेबलांना ५० हर्ट्झची कप्पी वेगळी मिळते. जी टर्नटेबले एकदिश प्रवाहाच्या मोटरवर किंवा स्फटिकाच्या नियंत्रणावर चालतात त्यांना हा प्रश्न नाही.

बाकीच्या उगमस्थानांविषयी फार सांगण्यासारखे नाही. तांबडी पिन उजवी, पांढरी किंवा काळी डावी. दूरदर्शन संचातून प्रकाशतंतूची वायर निघत असेल आणि अ‍ॅम्प्लिफायरला तसे प्रवेशद्वार असेल, तर तीच वापरावी व संचाच्या ध्वनिविषयक यादीत 'पीसीएम' निवडावे. भ्रमणध्वनी वायरीने जोडला असल्यास त्याचा स्वतःचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून कमीजास्त करण्याचे काम अ‍ॅम्प्लिफायरच्या नॉबकडे सोपवावे.

आता त्या दोन जागा, ज्यांच्यामुळे निर्दोष यंत्रे मुकी होतात. पहिली 'टेप मॉनिटर'. जुन्या रचनेत ध्वनी टेपरेकॉर्डरकडे पाठवून तेथूनच परत घेण्याची तजवीज असे. दर्शनी भागावरची ती कळ कोणाच्या बोटाने दाबली गेली, की अ‍ॅम्प्लिफायर सीडीचे काही ऐकत नाही, तो टेपरेकॉर्डरच्या उत्तराची वाट पाहत स्वस्थ बसतो, आणि टेपरेकॉर्डर तर वीस वर्षांपूर्वीच भंगारात गेलेला असतो. दुसरी जागा पाठीवर 'प्री आउट' आणि 'मेन इन' या नावांची. येथे पूर्वार्ध व उत्तरार्ध यांना जोडणाऱ्या इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या दोन धातूच्या पट्ट्या असतात, आणि कोणी साफसफाई करताना त्या निरुपयोगी समजून काढून ठेवल्या, की यंत्र चालू, दिवा चालू, आवाज मात्र शून्य. एक पट्टी गेली तर एकच बाजू मुकी. तेव्हा दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वी या दोन जागा पाहाव्यात, एवढे जरी वाचकाच्या लक्षात राहिले तरी हा लेख लिहिण्याचे श्रम वसूल झाले.

मग वीज. जुन्या आयात यंत्राच्या पाठीवर व्होल्टेज निवडण्याची चकती असल्यास ती २२० किंवा २४० वर आहे याची खात्री केल्याविना प्लग लावू नये. प्लग तीन पिनांचा असेल तर तिसरी पिन ही मालकाच्या जिवाची जामीनदार आहे. घुंईकार थांबतो म्हणून ती मोडून टाकण्याचा सल्ला देणारे लोक भेटतात, त्यांचा सल्ला घेऊ नये. फ्यूज उडाला तर पाठीवर छापलेल्या अँपिअरचाच दुसरा लावावा. सिगारेटच्या पाकिटातील चांदीचा कागद गुंडाळून वेळ भागवण्याची जी राष्ट्रीय परंपरा आहे तिने आजवर किती ट्रान्सफॉर्मर जाळले असतील याची गणती नाही. विजेचा दाब फार खालीवर होणाऱ्या गावी स्टॅबिलायझर असावा. आणि वीज गेल्यावर चौकोनी लहरींच्या स्वस्त इन्व्हर्टरवर यंत्र चालवल्यास ट्रान्सफॉर्मर जो कण्हतो, ते कण्हणे ऐकून यंत्र बंद करावे.

आवाजाचा नॉब पूर्ण डावीकडे. प्रथम टर्नटेबल वा सीडी प्लेअर चालू करावा, अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी; बंद करताना उलट, अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत आधी. चालू केल्यावर काही क्षणांनी पुष्कळ यंत्रांच्या आत टक् असा आवाज होतो, ती स्पीकरना जोडून घेणारी रिले होय. अशा यंत्रात ती टक् वाजलीच नाही, तर यंत्र स्वतःहून सांगत आहे, की काहीतरी बिनसले आहे, कदाचित कोठेतरी वायरी एकमेकींना चिकटल्या असाव्यात. तसे नसेल तर नॉब हळूहळू चढवावा. गुणगुण ऐकू आली तर सर्व पिना एकेक करून, प्रत्येक वेळी यंत्र बंद करून, काढत जावे. जी काढल्यावर गुणगुण थांबेल ती गुन्हेगार. माझ्या अनुभवात ती बहुधा दूरदर्शनकडून येणारी निघते, आणि दोष संचाचाही नसतो: केबलची वायर इमारतीच्या गच्चीवर वेगळ्या जमिनीशी जोडलेली असते आणि आपला प्लग वेगळ्या जमिनीशी, त्या दोन जमिनींमधील किंचित दाबभेद आपल्या स्पीकरमधून गुणगुणत असतो. केबलची वायर संचातून क्षणभर उपसून पाहिल्यास शंकेचे निरसन होते. येथे प्रकाशतंतूची वायर हा रामबाण उपाय आहे, कारण तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही.

स्पीकर ठेवावे कोठे, याचे पुस्तकी उत्तर समभुज त्रिकोण हे आहे: दोन कोनांवर दोन स्पीकर, तिसऱ्यावर श्रोता, आणि तार स्वरांचा छोटा पडदा बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत, जेथे एका कोपऱ्यात कपाट, दुसऱ्यात पलंग आणि मध्ये दाराचा रस्ता असतो, हा त्रिकोण बसवणे म्हणजे गृहखात्याशी तह करणेच. तरी कोपरा तेवढा टाळावा, कारण दोन भिंती आणि जमीन मिळून खर्ज असा फुगवतात की डग्गा आणि पखवाज यांतला भेद कळेनासा होतो. भिंतीपासून वीतदीड वीत पुढे आणले तरी फरक पडतो. खोलीत एकदा टाळी वाजवून पाहावी. तिच्यामागे धातूसारखी झणझण उमटली, तर उघडी फरशी आणि उघड्या भिंती यांचा तो प्रताप असून, सतरंजी, जाड पडदा आणि पुस्तकांनी भरलेले एक उघडे कपाट यांनी तो बराच आटोक्यात येतो. टर्नटेबल आणि स्पीकर एकाच फळीवर ठेवू नयेत. स्पीकरची थरथर सुईपर्यंत पोहोचते, सुईकडून पुन्हा स्पीकरकडे येते, आणि आवाज वाढवला की हुंकार सुरू होतो.

वॅटविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर वाचक रागावतील. बाजारात पीएमपीओ नावाच्या मापाने हजारो वॅटचे आकडे छापलेली खोकी विकली गेली. तो आकडा खोक्याच्या रंगाइतकाच अर्थपूर्ण मानावा आणि सलग देता येणारी आरएमएस शक्ती किती एवढेच विचारावे. चाळीस वॅटचे यंत्र बदलून ऐंशीचे आणले, तर आवाजाची वाढ होते ३ डेसिबल, म्हणजे कानाला लक्षात येईल न येईल इतकी. आणि लहान यंत्र स्पीकरला कधी जाळत नाही ही समजूतही सोडावी: ताकदीबाहेर ओढलेले छोटे यंत्र लहरींची शिखरे छाटते, आणि त्या छाटलेल्या लहरींतून उत्पन्न होणारे तार स्वर स्पीकरच्या छोट्या पडद्याचे वेटोळे जाळतात. आवाज चिरका झाला की नॉब मागे. 'लाउडनेस' ही कळ मात्र हलक्या आवाजासाठी आहे; १९३३ साली फ्लेचर आणि मनसन यांनी दाखवून दिले, की आवाज जितका मंद तितका आपला कान खर्जाला अधिक बहिरा होतो, आणि ती कळ रात्री, घर निजल्यावर, हलक्या आवाजात गाणे ऐकताना तो खर्ज परत देते. दिवसा तिला विश्रांती द्यावी.

कोकणात, गोव्यात, आणि खरे तर मुंबईतही, चार महिने हवा इतकी दमट असते की पिनांवर करडी बुरशीसारखी पुटे चढतात आणि नॉब फिरवताना खरखर होते; वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमारास, प्लग काढून प्रत्येक पिन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून दोन-तीन वेळा आतबाहेर करावी, आणि नॉब पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे दहा-वीसदा फिरवावा. आत उबेला झुरळे आणि पाली बिऱ्हाड करतात, तेव्हा झाकणाच्या जाळीतून टॉर्च मारून पाहण्यासही हरकत नाही. आणि याच दिवाळीच्या साफसफाईत, आपण कामावर गेलेले असताना, सारे कपाट पुढे ओढले जाऊन झाडून सर्व वायरी उपसल्या जातात व आपल्या सोयीसाठी एका पिशवीत नीट गुंडाळून ठेवल्या जातात. म्हणून जोडणी पुरी झाल्याच्या संध्याकाळीच प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कागदी पट्टी चिकटवून तिचे नाव लिहावे, पाठीचा एक नकाशा कागदावर काढावा, आणि तो कपाटाच्या आतल्या बाजूस, कोणी पुसून टाकणार नाही अशा ठिकाणी, टाचणीने लावून ठेवावा.